न धुतलेली लोकर

बारामती,
ता. ११ जून १९९५

श्री. बिरदेवराव पांढरे, मु. डाळज, यांना दादासो मदने यांचा रामराम.

परस्परांची खुशाली विचारावी इतके आपले संबंध सध्या राहिलेले नाहीत. म्हणून ती न विचारता सरळ मजकूर लिहितो. हे पत्र टपालवाले दत्तोबा आपल्याला वाचून दाखवतील, हे मला ठाऊक आहे. दत्तोबांना विनंती, की त्यांनी ते पारावर न वाचता घरात बसून वाचावे आणि सावकाश वाचावे. मी जुनी चौथी पास आहे. माझ्या अक्षरापाशी कोणाला अडखळावे लागणार नाही.

काम एकच आहे. या कातरणीची कवळाभर लोकर मला पाहिजे. मेंढीच्या अंगावरून जशी उतरेल तशी, कच्ची, न धुतलेली. कातरणीआधी आपण मेंढरे उजनीच्या पाण्यात घालता. दोन मेंढ्या तेवढ्या मागे ठेवून कोरड्याच कातराव्यात.

कारण लिहितो. चि. सौ. सिंधूच्या लग्नात आपण माझ्या मुलाला, कुंडलिकला, आपली विलायती सायकल दिलीत. कालव्यावरचा साहेब मायदेशी जाताना आपल्या हवाली करून गेला होता, ती. तिच्या सबंध सांगाड्यावर क्रोमचा मुलामा आहे. अशी दुसरी सायकल बारामतीत नाही आणि इंदापुरातही माझ्या पाहण्यात आलेली नाही. मुलामा जुना झाला आहे. जागोजाग तो झिजून खालचा पिवळट थर दिसतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीला आपण आमच्याकडे आलात, तेव्हा त्यावर गंजाचे ठिपके आपल्या दृष्टीस पडले. पंगतीत, चार माणसांसमक्ष, आपण म्हणालात, "आमची सायकल तुमी गंजवली. पोर तरी कशी ठिवली आसंल, द्येव जाणं." मी शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यात माझ्या पदरचे काही मिसळू नये, असे मला वाटते. त्यानंतर ताटावरून आधी आपण उठलात की मी उठलो, याबद्दल आपल्या दोन्ही घरांत मतभेद आहेत. तेव्हापासून आपले पाऊल इकडे पडले नाही आणि सिंधूचे तिकडे.

तो विषय मला उकरायचा नाही. मी सायकलीपुरते लिहीत आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. मुलाम्याला जेथे बारीक चिरा पडल्या आहेत, तेथून ओल आत जाते आणि गंज आतून फुगून वरचा पापुद्रा उचलतो. तेल लावले तर धूळ चिकटते आणि पुसताना तीच धूळ मुलामा खरवडते. माझी आई कातर नेहमी कच्च्या लोकरीत गुंडाळून ठेवीत असे. तिच्या हयातीत त्या कातरीला गंज चढलेला मी पाहिला नाही. मेंढीच्या अंगची ओशट, म्हणजे लोकरीतली चरबी, लोखंडाला धरून बसते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. आमच्याकडे आता मेंढरे नाहीत, हे आपण जाणताच. कालव्याचे पाणी आले, भाजीपाला लावला, आणि मेंढरांचे वाडगे मोडले.

आमचे कुटुंब, सौ. शकुबाई, मला म्हणाली, "बारामतीच्या बाजारात धनगर दिसत न्हाईत व्हय? डाळजचीच लोकर पायजे ती?" मी दऊत काढून हे पत्र लिहायला बसलो.

कळावे.
दादासो मदने

ता. क. : सिंधूची प्रकृती उत्तम आहे. तिला पाचवा महिना लागला आहे. विषय निघाला म्हणून लिहिले.


बारामती,
ता. ३ जुलै १९९५

श्री. बिरदेवराव पांढरे यांना रामराम.

भिगवणहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने खताच्या पोत्यात बांधलेली लोकर आणून दिली. सोबत चिठ्ठी किंवा निरोप नव्हता. परंतु पोत्याच्या तोंडाची गाठ पाहून सिंधू म्हणाली, "ही आबांच्या हातची गाठ हाय," आणि ती गाठ कोणाला सोडू देईना. शेवटी पोते खालच्या अंगाने उसवावे लागले.

आत लोकर होती, पण धुतलेली होती. रिठ्याने धुऊन, उन्हात वाळवून, वर विंचरलेलीसुद्धा होती. मी नाकाशी धरून पाहिली. मेंढीचा वास तिला औषधालाही नव्हता. मी पोत्याकडे पाहत राहिलो, आणि सिंधू भिंतीला टेकून हसू लागली. या घरात ती इतकी हसलेली मी पूर्वी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "मामा, आईनं धुतली आसणार. इवायाच्या घरी लेंड्या न् कुसळं कशी धाडंल ती? तिला वाटलं आसंल, मागायची लाज म्हून तुमी न धुतल्याली म्हनताय."

सौ. फुलाबाईंनी आमचा मान राखला, हे मला समजले. त्यांना माझा नमस्कार सांगावा. लोकर वाया गेलेली नाही. शकुबाईने तिची लहानशी दुलई भरायला घेतली आहे. परंतु धुण्याने ओशट निघून गेली की लोकरीत केस तेवढे उरतात आणि केसांनी लोखंडाचे रक्षण होत नाही. म्हणून पुन्हा लिहितो : लोकर मळकी पाहिजे. तीत लेंड्या असाव्यात, कुसळे असावीत, वासही असावा. त्याने आमच्या घराण्याचा अपमान होणार नाही, अशी मी लेखी खात्री देतो.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे योग्य होईल. सायकल आपण दिलेली आहे, तेव्हा परस्पर काही केले असे होऊ नये. कुंडलिक ती नवा मुलामा चढवण्यासाठी लोणी देवकरला एका कारखानदाराकडे घेऊन गेला होता. तेथील माणसाने सांगितले, की आधी जुना मुलामा तेजाबात उतरवावा लागेल, मग सांगाडा घासून काढावा लागेल, मग नवे क्रोम बसेल. वर असेही म्हणाला, की नळी आधीच पातळ आहे, भोक पडले तर मला विचारायला येऊ नका. कुंडलिक सायकल तशीच परत घेऊन आला. म्हणाला, "तात्या, चकाकंल, पण ती मंग हीच सायकल ऱ्हाईल का? हाय त्येच जपू." मुलगा माझ्या वळणावर गेला आहे, असे मला क्वचितच वाटते. त्या दिवशी वाटले.

त्याच कारखानदाराने त्याला एक युक्ती सांगितली. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पाण्यात भिजवून गंजावर हलक्या हाताने फिरवावा. गंज निघतो आणि क्रोमवर ओरखडा उठत नाही. म्हणून सध्या मी पानपट्टीवरून रिकामी पाकिटे गोळा करीत आहे. मी आयुष्यात विडीला शिवलेलो नाही. परवा बाजार समितीतले एक गृहस्थ माझ्या हातातली पाकिटे पाहून म्हणाले, "दादासोराव, ह्या वयात?" मी त्यांना सायकलीची हकिकत सांगितली. ती त्यांना पटलेली दिसली नाही.

आता घरातले. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सातव्यात मुलीला नेतात, ही आपल्याकडची रीत. कुंडलिक म्हणाला, मी तिला गाडीवर बसवून डाळजला सोडून येतो. सिंधू म्हणाली, "मुराळी आल्याबिगर मी जायची न्हाय. न बोलवता आईच्या दारात पोट घिऊन हुबी ऱ्हाऊ?" तिचे म्हणणे मला बरोबर वाटले. माहेरचा माणूस न्यायला आल्याखेरीज या घरातून सून माहेरी जाणार नाही. शकुबाई म्हणते, तसे असेल तर बाळंतपण येथेच करू. ती करील, त्याबद्दल शंका नाही. पण सिंधू परातीकडे वळली. भाकरी थापीत राहिली, आणि त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या.

याबाबत मी आपल्याला काही सुचवीत नाही. मी लोकर मागितली आहे.

कळावे.
दादासो मदने


बारामती,
ता. ३० जुलै १९९५

श्री. बिरदेवराव पांढरे यांना रामराम.

दुसरे पोते मिळाले. या वेळी न धुतलेली लोकर आली, यात कोणालाही संशय राहिला नाही. कंडक्टरने ते पोते गाडीच्या टपावर टाकून आणले आणि आमच्या दारात टाकताना म्हणाला, "म्हातारबा, ह्यात मेंढी जित्ती हाय का मेल्याली?" शेजारच्या बाईंनी दिवसभर खिडकी लावून घेतली. आपले आभार मानतो.

काम कसे केले ते लिहितो. सायकल आपली आहे आणि तिच्या अंगाला काय लावले, हे आपल्याला कळले पाहिजे. पहिल्या दिवशी शकुबाई चिंच आणि राखुंडी घेऊन आली होती. देवघरातली भांडी तिने आयुष्यभर तशी उजळली आहेत, तेव्हा तिचा दोष नाही. पण चिंचेचा आंबट रस चिरांतून आत गेला असता आणि राखुंडीने उरलेला मुलामा खरवडला असता. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "लग्नात धरला हुता, त्यानंतर आज." सिंधू ऐकत होती. मी हात सोडला.

आधी गोडे तेल लावून दिवसभर ठेवले, म्हणजे गंज मऊ पडतो. मग चंदेरी कागद भिजवून फिरवला. ठिपक्यांचे तांबडे पाणी निघाले आणि खाली क्रोम दिसू लागले. सगळीकडे नाही. जेथे मुलामाच उरला नव्हता, तेथे काळसर डाग राहिला. तो मी तसाच राहू दिला. मग स्वच्छ फडक्याने पुसून उन्हात ठेवली. नळी हाताला कोमट लागू लागली, तेव्हा लोकरीचे बोळे करून हळूहळू चोळले. उन्हाने ओशट पाझरते आणि चिरांतून उतरते. वर इतका बारीक थर राहतो, की डोळ्याला दिसत नाही. बोट फिरवले की मात्र कळते. पाणी टाकून पाहिले. अळूच्या पानावरून जाते तसे घरंगळून गेले. दोन वर्षांत मी एवढा मोकळा श्वास घेतला नव्हता.

असे मी चोळत असताना सिंधू येऊन बसली. वरच्या आडव्या नळीवर, बैठकीच्या जरा पुढे, वीतभर जागेत मुलामा मुळीच नाही. ती मी कागदाने घासणार होतो. तिने त्यावर तळवा ठेवला.

"हितं नगं, मामा."

मी विचारले, "का?"

"हितं मी बसायची. आबा साळंत न्यायचं मला, पोत्याची घडी बांधून. मी हालायची न् घडी सरकायची. आबा म्हनायचं, अगं नीट बस, सायबाची सायकल हाय. मी म्हनायची, मंग सायबाच्या पोरीला बशीव."

तिने पुढे आणखी काही सांगितले. परंतु ते सांगताना तिचा आवाज बरोबर राहिला नाही, म्हणून लिहीत नाही. त्या जागेला मी कागद लावला नाही. लोकर मात्र दोनदा फिरवली. ती सायकल आपण मुलीबरोबर का धाडलीत, हे मला त्या दिवशी समजले. तोवर मी तिला मानाची वस्तू समजत होतो.

आता महत्त्वाचे. गंज कशाने आला, याचे कारण मला सापडले आहे. ते मी येथे लिहिणार नाही. दत्तोबांवर माझा अविश्वास नाही, पण काही गोष्टी ज्याच्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. आपण गेल्याच्या गेल्या दिवाळीला माझ्यावर आरोप केलात. त्याचे उत्तर आज माझ्या हातात आहे. ते हवे असेल, तर ते घेण्यासाठी आपल्याला बारामतीस यावे लागेल.

सिंधूला श्रावणात सातवा लागतो. आपण येणार असाल, तर त्या सुमारास येणे सोयीचे पडेल. यायचे नसेल तर दत्तोबांकरवी तसे कळवावे. मग मी उत्तर माझ्याजवळच ठेवीन आणि बाळंतपणाची व्यवस्था येथे करीन. परंतु आपण यावे, असे आता मी स्पष्ट लिहितो.

दादासो मदने


बारामती,
ता. २० ऑगस्ट १९९५

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

तू डाळजला सुखरूप पोचलीस, हे कुंडलिकने सांगितले. तुला वाचता येते, तेव्हा दत्तोबांचे कष्ट वाचले. हे पत्र तुझ्या आबांना वाचून दाखवायचे की नाही, ते तू ठरव. ते आले त्या दिवशी तू स्वयंपाकात होतीस. बाहेर काय झाले, ते तुला कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. आम्हा दोघांपैकी कोणी सांगणारा नव्हे.

मुराळी म्हणून भाऊ येतो. तुझा भाऊ येईल, असे मी धरून चाललो होतो. फाटकात तुझे आबा स्वतः उभे दिसले, तेव्हा मी टोपी घालायला विसरून बाहेर गेलो. पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"आदी सायकल दावा. पानी मागनं."

मी म्हणालो, "पाहुण्याने आधी पाणी घ्यावे."

"पावना म्हून न्हाय आलो मी. उत्तर घ्याला आलोय. तुमीच लिवलंय तसं."

मी त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेलो. सायकलीवरचे जुने धोतर काढले. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी घातली, आपण बैल पारखतो तशी. नळीवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला.

"मेंढीचा वास मारतोय."

"आपल्याच मेंढ्यांचा आहे."

"त्यो कळतोय मला. काळ्या टकुऱ्याची हाय ती, लंगडी."

मग ते खाली वाकले. गंज निघाला असला, तरी त्याच्या पुसट रेघा नळीवर राहिल्या आहेत, तिरप्या, एकीशेजारी एक. ते म्हणाले, "ह्या रेघा कशाच्या? गंज आसा वळीनं चढत आसतोय का कुठं?"

मी खुंटीवरची घोंगडी काढली. त्या पावसाळ्यात जशी घातली होती, तशी घडी करून सायकलीवर टाकली. घडीच्या कडा बरोबर त्या रेघांवर येऊन बसल्या. मग त्यांनी घोंगडीचा कोपरा उचलून जिभेला लावला. शहरातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. नव्या घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात आणि ती किती बसली आहे हे आपली माणसे जिभेनेच पाहतात, हे तुला सांगायला नको.

"खळ जादा झालीया," ते म्हणाले. "आशी घोंगडी पावसाळी हवंत वल धरती. वाळत न्हाय." मग काठ पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ही आमच्या घरची हाय."

"होय. लग्नात आपणच ती कुंडलिकच्या खांद्यावर घातलीत. मानाची म्हणून मी ती कोणाला पांघरू दिली नाही. पाऊस सुरू झाला, तेव्हा सायकलीवर घातली. घरात तिच्याहून चांगले वस्त्र नव्हते."

तुझे आबा पडवीच्या पायरीवर बसले.

"मंजी सायकल माजी, घोंगडी माजी, गंज बी माजाच. आन् भरल्या पंगतीत शिव्या मातूर तुमाला."

"शिव्या नव्हत्या. शंका होती," मी म्हणालो.

"इवाई, कागदावर लई ग्वाड लिवता. बोलायला लागला की वकील हुता. एकादी शिवी हासडा की, मंजी मी मोकळा हुईन."

"मला शिव्या येत नाहीत."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तुझी सासू म्हणाली, "न्हाय कशा येत? बैल सुटल्याव ऐका म्हनावं त्यास्नी!"

त्यावर तुझे आबा असे हसले, की तू आतून विचारलेस, काय झाले म्हणून. मग त्यांनी तांब्या मागून घेतला आणि सगळा रिकामा केला.

दोन वर्षे मी मनाशी हेच योजत होतो, की कारण सापडू दे, मग त्यांच्यासमोर ठेवीन आणि त्यांची मान खाली गेलेली पाहीन. मान खाली गेली. मला काही पाहावेसे वाटले नाही. रानातून डोक्यावर आणलेला भारा दारात कोणीतरी उतरवून घ्यावा, तसे झाले. रात्री झोप चांगली लागली.

एकच गोष्ट राहून गेली. जेवायला उठताना ते म्हणाले, "आन् पोरीचं जे बोललो त्ये..." आणि थांबले. पटका सोडून पुन्हा बांधू लागले. त्यावर मी काहीतरी बोलायला हवे होते. ते काय, हे मला तेव्हा सुचले नाही, आणि तू पाने वाढल्याचे सांगायला आलीस.

औषधे वेळेवर घेत जा. उजनीच्या काठाला गाळ असतो, तिकडे एकटी जाऊ नकोस. आईला काम करू लागशीलच, पण वजन उचलू नकोस. कुंडलिक दर रविवारी सायकल पुसतो. आता तिच्यावर सुती धोतर असते आणि पडवीची खिडकी उघडी असते. वारा लागला पाहिजे.

तुझे मामा,
दादासो मदने


इंदापूर, एस.टी. स्थानक,
ता. १७ ऑक्टोबर १९९५

श्री. बिरदेवराव यांना रामराम.

आपण आत्ता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेले असाल. मी येथे स्थानकावर बाकावर बसून, मांडीवर पिशवी घेऊन लिहीत आहे. अक्षर नेहमीसारखे नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

काल दुपारी आपला निरोप आला, की सिंधूला कळा सुरू झाल्या आहेत, रक्तदाब वाढला आहे आणि इंदापूरला आणले आहे. कुंडलिक आणि मी मिळेल त्या गाडीने आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ पडली तर पुण्याला हलवावे लागेल. त्यानंतर आपण आणि मी एका बाकावर बसलो ते आज सकाळपर्यंत. तेवढ्या वेळात आपण काय बोललो, ते आठवून मला आता आश्चर्य वाटते. आपण विचारलेत, हँडलला लोकर चोळावी काय. मी सांगितले, चोळावी, पण मुठीजवळ नको, हात निसटेल. मग आपण म्हणालात, चाकाच्या कड्यांना लावू नका, ब्रेक धरणार नाही. मी म्हणालो, तेथे मी नुसता कागद फिरवून कोरडे पुसतो. मग घंटीबद्दल बोललो. मग पुन्हा हँडलबद्दल. आपल्या शेजारी बसलेल्या बाईंनी सौ. फुलाबाईंना विचारले, "ह्ये दोगं सायकलवालं हायत व्हय?" फुलाबाईंनी डोळे पुसत मान हलवली. आत मुलीचा आवाज येई तेव्हा आपण थांबत होतो, आणि आवाज थांबला की पुढे बोलत होतो.

मग परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. आई बरी आहे. पुण्याला न्यायची गरज नाही." आपण पटक्यात तोंड घातलेत. मी तिला विचारले, जन्मवेळ किती लिहिली? असे मी का विचारले, मला माहीत नाही. माझ्या तोंडून तेवढेच निघाले. नंतर सिंधूला दारातून पाहिले. ती हसली. मी म्हणालो, मला गाडी आहे. आपण म्हणालात, "आवं, नातीला एकदा हातात घ्या तरी." मी म्हणालो, बारशाला घेईन. आणि मी निघून आलो, कारण आणखी थोडा वेळ तेथे थांबलो असतो, तर माझेही तोंड झाकावे लागले असते आणि मजजवळ पटका नव्हता.

श्रावणात आपले एक वाक्य अर्धवट राहिले होते. त्याला द्यायचे उत्तर मला आज सुचले, म्हणून लिहीत आहे.

मला मुलगी नाही. दोन मुलगे, त्यातला एक लहानपणीच गेला. लेक परक्या घरी दिल्यावर बापाचा जीव कशाकशात अडकून राहतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. चौथीपर्यंतच्या पुस्तकांत तो धडा नव्हता. आपण सायकलीवर गंजाचा ठिपका पाहिलात आणि घाबरलात मुलीसाठी. मला त्यात माझा अपमान तेवढा दिसला. आपली भीती दिसली नाही. आज परिचारिकेने "मुलगी" म्हटले, आणि माझ्या मनात सर्वांत आधी आले ते हे, की ही कोणाच्या घरी जाईल आणि तेथे तिला कोण कसे ठेवील. त्या मुलीला तेव्हा जन्मून अर्धा तासही झाला नव्हता. तिचे अजून नाव नाही. आणि मी मनातल्या मनात तिच्या सासऱ्याशी भांडत बसलो होतो.

तेव्हा, आपण त्या दिवाळीला बोललात ते बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. पंगतीत बोलायला नको होते. परंतु आपल्या जागी मी असतो, तर माझ्याने पाने वाढून होईपर्यंत धीर धरवला नसता. हे आपल्याला कळावे, अशी माझी इच्छा आहे. ते शब्द परत घेण्याची आवश्यकता नाही. ते आपल्याजवळच असू द्यावेत. मलाही पुढे लागतील.

बारामतीची गाडी लागली आहे. कंडक्टर दार वाजवून बोलावीत आहे. हा कागद टपालात टाकला, तर तो डाळजला पोचेल, दत्तोबा चष्मा लावतील, आणि माझे बोलणे आपण त्यांच्या तोंडून ऐकाल. आपण येथून पाच मिनिटांच्या वाटेवर बसलेले असताना ते बरे दिसणार नाही. कागद घडी करून खिशात ठेवतो. ही गाडी जाऊ दे, संध्याकाळी दुसरी आहे. नात उठली असेल, तर आधी तिला घेईन, आणि मग हे सारे आपल्याला तोंडाने सांगेन. जसे जमेल तसे सांगेन.

मी निघालो आहे. आपण बाकावरून हलू नये.